बियाण्याचे मासे

एकदा एका डोंगरपायथ्याच्या आश्रमातले कुंड ऐन वैशाखात आटू लागले. तिथली रीत अशी, की पाणी गुडघ्याखाली गेले म्हणजे एका शिष्याने थोडे मासे निवडून विहिरीजवळच्या दगडी डोणीत ठेवायचे आणि बाकीचे नदीच्या डोहात सोडायचे. डोहात गेलेले मासे प्रवाहाबरोबर पांगत, ते पुन्हा हाती लागत नसत. पावसाळ्यात कुंड भरले, की डोणीतल्या माशांपासूनच नवी वीण व्हायची. कित्येक पिढ्यांनी जपलेले ते बीज एका चुकीने संपले असते. त्या वर्षी गुरुजींनी ही निवड अच्युत नावाच्या तरुण शिष्याकडे सोपवली आणि त्याच्या अंगावर मूठभर मांस चढले.

अच्युतने सारी सकाळ पंच्याने मासे धरण्यात घालवली. त्याने वेचले ते शेंदरी अंगाचे, सडपातळ, चपळ मासे. डोणी अशी रंगली, की पाणी न्यायला आलेल्या बायका घागरी खाली ठेवून बघत राहिल्या. "काय रूप आहे हो एकेकाचं!" त्यांतली एक म्हणाली.

इतक्यात गुरुजी आले. तेही क्षणभर कौतुकाने पाहत राहिले. मग त्यांनी पंचा उचलला आणि मोजके शेंदरी मासे ठेवून बाकीचे सरळ नदीकडे जाणाऱ्या हंड्यात टाकले. त्यांच्या जागी कुंडातले मातकट, थोराड, फुगीर पोटाचे मासे आणून सोडले.

सगळ्यांदेखत आपली मेहनत अशी पाण्यात गेलेली पाहून अच्युतला रडू फुटायचेच बाकी होते. "गुरुजी, मी निवडून निवडून घेतले आणि आपण उरलेसुरले गोळा केलेत!"

गुरुजींनी पाण्यासकट एक मातकट मासा त्याच्या ओंजळीत दिला. "हिचं पोट बघ. दाबू नकोस हो. अरे, लहानपणी ही नि तो शेंदरी अगदी सारखेच होते, आईलाही ओळखू आले नसते. वयात येताना वाटा फुटल्या. त्याने खाल्लेलं अंगावर रंग होऊन उमटलं. हिने मात्र खाल्लेलं आत साठवलं, म्हणून ही रुंदावली, थोराड झाली. तो रंग काही फुकटचा नाही. तो पाहूनच ही त्याला जवळ करते, म्हणून थोडे तेही ठेवले. पण तू वेचलेस ते सगळे नरच होते, बाळा. रूप होतं डोणीत, उद्या नव्हता."

अच्युत ओंजळीकडे पाहतच राहिला. इतके दिवस ज्या माशाकडे त्याने ढुंकूनही पाहिले नव्हते, तो आता त्याला फार देखणा वाटू लागला. त्याने हलकेच ओंजळ डोणीत बुडवली.

श्रावणात कुंड काठोकाठ भरले. एके सकाळी काठच्या शेवाळात राईच्या दाण्याएवढी असंख्य पिल्ले वळवळताना दिसली. अच्युत हर्षाने गुरुजींना हाताला धरून घेऊन आला आणि म्हणाला, "गुरुजी, यांतले नर कोणते नि माद्या कोणत्या?"

"ते अजून त्यांनाही ठाऊक नाही," गुरुजी हसून म्हणाले. "वाढू दे."

पाण्यावर आपली सावली पडून पिल्ले बिचकू नयेत, म्हणून अच्युत एक पाऊल मागे सरला.