न तापलेलं आकाश

"म्हणजे ऊब कुठेच दिसली नाही?" तांडेल सरांनी विचारलं.

"कुठेच नाही, सर."

नाझनीनने आलेख त्यांच्यापुढे सरकवला. विश्वातलं न दिसणारं कृष्णद्रव्य क्षय पावतं, असं ती कित्येक वर्षं छातीठोकपणे सांगत आली होती. त्या क्षयाची ऊब विश्वाच्या बालपणी हायड्रोजन वायूला लागली असणार, आणि तिथून निघालेल्या रेडिओ लहरींत ती आपल्याला दिसणार, अशी तिची खात्री. शंका काढणाऱ्यांना तिने भर सभेत गप्प केलं होतं.

आता माळावरच्या दुर्बिणीने त्या लहरी टिपल्या होत्या. दुपारी सगळ्यांसमोर निष्कर्ष मांडायचा होता.

"वायू गारठलेलाच आहे. मी भाषण रद्द करते, सर. लोक हसतील."

उठून सरांनी तिला खिडकीखालच्या माठाकडे नेलं.

"हात लाव."

तिने लावला.

"कसा आहे?"

"गार."

"खाली जाळ आहे?"

"नाही."

"वाकून कुठे पाहिलंस?"

"वाकायला कशाला हवं? इतका गार लागतोय, म्हणजे खाली जाळ..."

ती थबकली. हात माठावरच राहिला.

बाहेर वाऱ्यावर गवत सळसळत होतं...

"सर!" ती एकदम वळली. "म्हणजे गारव्यानेच सांगितलं की! क्षय होत असेलच, तर मी म्हणते त्याहून फार, फार सावकाश. तारे पेटायच्या आधीपासून कृष्णद्रव्य टिकून आहे. दीर्घिकांना धरून ठेवणारं ते सगळं... अजून तसंच आहे!"

"आहे ना?"

"आहे!"

ती हसायला लागली. ओला हात कपाळावर फिरवला, पुन्हा हसली. सरांनाही हसू आवरेना. डोळे पुसत त्यांनी तिच्या हातात पाण्याचा पेला दिला. ती तो घटाघटा प्यायली आणि दाराकडे धावली.

उंबऱ्यावर मात्र पाय अडखळला.

"पण सर... लोक विचारतीलच. इतकी वर्षं मी जे ठासून सांगत होते, त्याचं काय झालं?"

सर खुर्चीत आरामात टेकले.

"सांग, क्षय पावलं."