जरा उघडून द्याल का?

एकदा एका बाजारपेठेच्या गावात पिशव्या घडवणारे एक वृद्ध गृहस्थ राहत असत. पिशव्या त्या काय घडवायच्या, असे कोणालाही वाटेल. कागद घ्यावा, चिकटवावा, माल भरावा, झाले. पण बियाण्यांची पिशवी वेगळी, चहाची वेगळी आणि वैद्याच्या चूर्णाची त्याहून वेगळी, हे त्या गावाला कळले ते या गृहस्थांमुळेच. त्यांच्या पिशवीतले बियाणे पुढच्या हंगामापर्यंत कोरडे राही आणि चहाचा वास चहातच राही. लोक त्यांना आदराने अप्पा म्हणत. मला विचाराल तर अशी माणसे ज्या गावात असतात ते गाव भाग्यवान, फक्त गावाला ते सहसा माहीत नसते.

अप्पांच्या हाताखाली मुकुंद नावाचा एक शिष्य बरीच वर्षे शिकत होता. बुद्धीने तल्लख, हाताने सफाईदार. स्वतःचे म्हणता येईल असे एखादे काम कधी मिळते याची तो वाट पाहत होता. ही इच्छा वाईट नव्हे. ती नसेल तर माणूस शिकतच नाही.

एके दिवशी नाचणीचे सत्त्व विकणारा एक व्यापारी अप्पांच्या कारखान्यात आला. त्याचा चेहरा पडला होता.

"अप्पा, जरा दमट हवा लागली की सत्त्वाचे गोळे होतात, अळ्या पडतात. गिऱ्हाईक पिशवी घेऊन थेट माझ्या तोंडासमोर धरतं. मला अशी पिशवी द्या की आतलं आत आणि बाहेरचं बाहेर."

अप्पांनी मुकुंदकडे पाहिले. "हे काम याचं. पिशवीवर नावही याचंच छापा, शेठ."

मुकुंदला त्या दिवशी जेवण गेले नाही. कितीतरी आठवडे तो कामात गढून गेला आणि अखेरीस त्याने जाड कागदाची, आतून अस्तर लावलेली, तोंड उष्णतेने चिकटवलेली एक सुरेख पिशवी तयार केली. त्या कारखान्यात पिशवी पारखायची एक रीत होती. भरलेली पिशवी उलटी टांगायची, माडीवरून खाली टाकायची आणि मग पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवायची. मुकुंदची पिशवी सगळ्यांतून सहीसलामत बाहेर आली.

"वा!" व्यापारी ओरडलाच. "अळीच काय, अळीच्या आजोबांनाही आत शिरता येणार नाही! लगेच छपाईला देतो."

अप्पांनी पिशवी उलटसुलट करून पाहिली. "बंद छान होते," एवढेच ते म्हणाले आणि घरी न्यायला म्हणून सत्त्वाने भरलेल्या काही पिशव्या त्यांनी मागून घेतल्या. मुकुंद थोडा खट्टू झाला. इतक्या मेहनतीवर तीन शब्द!

दुसऱ्या दिवसापासून अप्पांनी एक विचित्र प्रकार आरंभला. सकाळी ते घराच्या पायरीवर मांडीत वाटी घेऊन बसत आणि रस्त्याने जो पहिला माणूस येईल त्याच्यापुढे पिशवी धरून म्हणत, "जरा उघडून द्याल का?" आता अप्पांना नाही कोण म्हणणार? दूधवाल्याने दातांनी कोपरा तोडला. शाळेतल्या बाईंनी केसांतला आकडा काढून भोक पाडले. न्हाव्याने तर धोकटीतला वस्तराच बाहेर काढला. पिशवी उघडली की अप्पा आपल्या वाटीत दोन चमचे सत्त्व काढून घेत आणि उरलेली पिशवी त्या माणसाच्या हाती देत. "घेऊन जा. आजच्या आज संपवा." दुसऱ्या सकाळी नवी पिशवी, नवा माणूस.

बातमी बाजारात पोहोचायला वेळ लागला नाही. व्यापारी खुशीत हात चोळत आला. "मुकुंदा, अप्पांनी फुकटात माझी जाहिरात चालवलीय बघ! अख्खी आळी सत्त्व खायला लागली."

मुकुंदला मात्र ते पटेना. अप्पा आपली परीक्षा घेत आहेत, एवढे त्याने ताडले. पण कसली, ते कळेना. एका सकाळी तो लवकर निघाला आणि अप्पांच्या पायरीवर येऊन बसला. अप्पांनी नेहमीसारखी पिशवी पुढे केली. मुकुंदने ती उघडू पाहिली. नखे निसटली, कागद ताणला गेला, आणि एकदम फाटून अर्धे सत्त्व त्याच्या सदऱ्यावर सांडले.

"अप्पा," तो सदरा झटकत, ओशाळून म्हणाला, "परीक्षा पुरे झाली. चूक काय ती सांगा ना."

"परीक्षा?" अप्पा हसले. "नाही रे बाबा. सकाळी भूक लागते म्हणून."

अप्पांनी दोन्ही हात त्याच्यापुढे धरले. बोटांचे सांधे सुजून वाकडे झाले होते. अंगठा तळव्याकडे वळतच नव्हता. ज्या हातांकडे बघून तो कागद दुमडायला शिकला होता ते हात त्याने गेले कित्येक महिने नीट पाहिलेच नव्हते.

"मला सांगायचं नाही का, अप्पा?"

"सांगितलं असतं तर तुला माझी दया आली असती, आणि तू म्हाताऱ्यासाठी पिशवी केली असतीस. म्हाताऱ्यांची पिशवी म्हाताराही विकत घेत नाही, मुकुंदा." अप्पांनी हात खाली घेतले. "टांगायची, टाकायची, बुडवायची ही रीत माझीच. बंद राहते का, एवढंच आपण तपासत आलो. घरात हाताशी माणसं होती, बोटं शाबूत होती, तेव्हा मलाही दुसरं काही सुचलं नाही. पण ज्याला पिशवी उघडत नाही त्याला रोज कोणाला तरी हाक मारावी लागते. आणि जी उघडल्यावर बंद होत नाही ती पिशवी धरूनच चालते, की घरात खाणारी खूप माणसं आहेत. एकट्या माणसाला दोन चमचे लागतात रे. बाकीचं त्याने काय करावं?"

एवढे बोलून त्यांनी सांडलेले सत्त्व वाटीत गोळा केले आणि ते स्वयंपाकघरात गेले.

मला या बोलण्यात सर्वांत मोठे वाटते ते त्यातले रागाचे नसणे. आपण साधे बिस्किटांचे पुडके फुटले नाही तर करणाऱ्याच्या सात पिढ्या उद्धरतो. 'येथे फाडा' असे छापलेले असते आणि नेमके तेथेच ते फाटत नाही, तेव्हा तर विचारू नका! अप्पा मात्र रोज उपाशीपोटी पायरीवर बसले आणि शिष्याला उमजेल तोवर थांबले.

मुकुंद तडक व्यापाऱ्याकडे गेला. "शेठ, छपाई थांबवा. पिशवी चुकलीय."

"वेड लागलं का? इतकी चांगली पिशवी! उघडायची कशी ते गिऱ्हाईक बघेल. कात्री आहे, दात आहेत."

"तुमचं सत्त्व खातं कोण, शेठ? आजारातून उठलेला माणूस. बाळंतीण. म्हातारी माणसं. बाळंतिणीच्या एका हातात मूल असतं. म्हाताऱ्याला दात असते तर त्याने सत्त्व कशाला खाल्लं असतं?"

व्यापाऱ्याला हसू आले, पण त्याने ते दाबले. "दिवाळीपर्यंत थांबतो. मग मात्र दुसरीकडून पिशव्या आणीन, आणि तुझं नाव विसर."

पुढचे दिवस मुकुंदची पार दमछाक झाली. उघडायला सोपी केलेली पिशवी बादलीत बुडवली की पाणी पिई. पाणी अडवणारी केली की हटून बसे. एकाच कडेने घट्टही राहावे आणि लगेच सुटावेही, हे काही खायचे काम नव्हे. तो अंगठा मुठीत मिटून उघडून पाही, ओल्या हातांनी पाही, डाव्या हाताने पाही. शेवटी त्याने तोंडाची एक कड दुसरीपेक्षा चांगली पुढे आणली, म्हणजे ती नखांनी शोधावी लागू नये, नुसत्या तळव्याखाली दाबून ओढता यावी. ओढली की ती सरळ रेषेत सुटे. आणि पाठीमागे पिशवीच्याच कागदाची एक रुंद पट्टी ठेवली. तोंड गुंडाळून त्या पट्टीखाली सरकवले की पिशवी पुन्हा बंद. दिसायला ती पहिलीपेक्षा साधीच होती.

व्यापारी पिशवी पाहायला येणार त्याच्या आदल्या दिवशी मुकुंदने तीत सत्त्व भरले आणि ती गुपचूप अप्पांच्या स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवून दिली.

सकाळी तो आळीत शिरला तर पायरीवर अप्पा नव्हते. दूधवाला रेंगाळत उभा होता. "आज हाक नाही आली," तो काळजीने म्हणाला. मुकुंद धावतच आत गेला.

अप्पा चुलीपाशी उभे होते. पातेल्यात सत्त्व रटरटत होते आणि ते पळीने ढवळत होते.

"काय रे, इतक्या सकाळी?"

"काही नाही. सहज."

"आलास तर खाऊन जा. थोडं वाढवतो."

अप्पांनी फळीवरची, तोंड गुंडाळून पट्टीखाली सरकवलेली पिशवी खाली घेतली. नकळत मुकुंदचा हात ती उघडून द्यायला पुढे झाला. अप्पांनी पिशवी बाजूला ओढली.

"तू बस," ते म्हणाले. "मी देतो."

मुकुंदने हात मागे घेतला आणि तो पाटावर बसला.