नऊ खाऱ्या घागरी

गावी परतताना रेवती भोईरला वाटले होते, ठमीचा झरा आता मनगटाएवढा वाहत असेल. प्रत्यक्षात तिथे ओला डागही नव्हता. पन्हाळीत वाळलेला गाळ होता आणि रांगेत मांडलेले रिकामे हंडे.

सल्ला तिचाच होता. परदेशात जमिनीखालच्या पाण्याचा अभ्यास करत असताना तिने कळकळीने गावाला कळवले होते, की टेकडीमाथ्यावर खडकात जी कोंड, म्हणजे पाणी साठणारा खोल खळगा, आहे, तिच्यात दरवर्षी खाडीचे पाणी ओतायची रीत बंद करा. पिण्याच्या झऱ्यात मीठ कशाला? गोडे पाणी मुरवा. शिकलेल्या पोरीचा शब्द म्हणून यंदा गावाने कोंडीत एकदम टँकरभर गोडे पाणी सोडले. चार दिवस झरा गढूळ आला आणि मग थांबला.

तिच्याशी कोणी भांडले नाही. ती दिसली की बायका बोलणे थांबवत, एवढेच. उद्या सकाळी शाळेत सभा घेऊन सगळे समजावून सांगायचे, माफी मागायची, असे तिने ठरवले आणि शेजारीपाजारी तसे सांगितलेही. भाषणही लिहिले. संध्याकाळी ती नाथीबायकडे गेली. दरवर्षी कोंडीत खाऱ्या घागरी वाहणारी गावातली शेवटची बाई तीच.

"काय गं बाय, तिकडं दगडांची शाळा शिकलीस म्हणे. दगडाला कधी विचारलंस, तुला काय रुचतं?"

"नाही विचारलं, आजे. चूक कुठं झाली ते सांग."

म्हातारीने दुखरा गुडघा पसरला आणि सांगू लागली.

फार पूर्वी म्हणे एका उधाणात समुद्र टेकडीवर चढला. कोंड खाऱ्या पाण्याने भरली, झरा खारा झाला. गावाला धीर नव्हता. कोंड उपसून लोकांनी होड्यांतून गोडे पाणी आणले आणि एका दिवसात आत ओतले. झरा गढूळला, आटला. लोक बिऱ्हाडे उचलून खाडीपलीकडे गेले. मागे राहिली एकटी ठमी, मिठागरावर राबणारी विधवा. "मी ह्या दगडाला सोडणार नाही," असे ती बोलली होती म्हणे, पण ऐकायला कोणी नव्हते.

"तुला खाऱ्याचीच सवय लागली असेल तर खारंच घे," म्हणून तिने खाडीच्या नऊ घागरी वर वाहिल्या. दगड पाझरला. दुसऱ्या दिवशी तिने आठ खाऱ्या नेल्या आणि एक गोडी, पलीकडच्या विहिरीवरून आणलेली. तिसऱ्या दिवशी सात आणि दोन. असे करत दहाव्या दिवशी नऊही घागरी गोड्या झाल्या आणि झरा वाहू लागला. ती ओंजळभर पाणी प्यायली, आणि हे सांगावे तर आसपास माणूस नव्हते. लोक परतले ते तीन वर्षांनी, असे सांगतात.

"एकदम गोड झालं की दगड बिथरतो," नाथीबाय म्हणाली. "त्याच्या पोटातली माती सुटते आणि वाटा बुजवते. त्याची सवय हळूहळू मोडावी लागते. म्हणून दरवर्षी नऊ खाऱ्यांपासून सुरुवात करून दहाव्या दिवशी गोड्यावर यायचं."

हेच रेवतीने पुस्तकात वाचले होते. आपल्या गावचा दगडही तसलाच आहे, हे मात्र तिच्या ध्यानात आले नव्हते.

"आता उघडेल का गं?"

"ठमीला तरी कुठं ठाऊक होतं?" म्हातारी म्हणाली. "तिला बोलायला कोणी नव्हतं, म्हणून आजही घागरी वाहणारी बाई दहा दिवस बोलत नाही. आणि डोईवर खारी घागर असली की आजही तिला कोणी हाक मारत नाही."

सकाळी शेजारच्या यमुनाकाकूने अंगणातूनच टोमणा मारला, "काय गं, सभा कितीला? की पुन्हा फोनवरच सांगणार?"

रेवती खाडीकडून वर येत होती. भाषणाचा कागद तिने घरीच ठेवला होता. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर घागर. ती काही बोलली नाही. यमुनाकाकूने घागरीतून तिच्या गालावर ओघळणारे पाणी पाहिले, ते सुकल्यावर उमटलेली मिठाची पांढरी रेघ पाहिली, आणि मुकाट्याने वाटेतला आपला हंडा बाजूला घेतला.

अजून आठ घागरी वाहायच्या होत्या.