आईच्या तोंडावर हात

ही चिंचेखालची मोकळी जागा दिसते ना, तिला आमच्या कवठाळीत बैठक म्हणतात. चैत्री पुनवेला, टेकाईच्या जत्रेत, इथं संबळ वाजतो. दगडाला पाय फुटतील असा वाजतो. पण माणसं बघाल तर मांडी घालून बसलेली. आणि संबळावर पहिलं टिपरू पडलं, की जमलेल्या सगळ्या लेकी आपापल्या आईच्या तोंडावर हात ठेवतात. संबळ थांबेपर्यंत काढत नाहीत. पाहुणे हसतात, फोटो काढतात. मघाशी या ताईंनी मला विचारलं, "मावशी, आम्ही नाचलो तर चालेल का?" मी गुरवाघरची, देवीचा गाभारा झाडता झाडता म्हातारी झाले. चालेल की नाही हे मी सांगणार नाही. सासूनं मला सांगितलं ते सांगते, मग तुमचं तुम्ही ठरवा.

फार मागं या गावात हैबती नावाचा मानकरी होता, असं सांगतात. पालखीला पहिला खांदा त्याचा आणि बैठकीत पुढचं जाजमही त्याच्याच घरचं. जाजमावर बसलेल्यानं बसूनच ऐकायचं, ही रीत. मान डोलवली तर चालायची, खांदा हलला तर लोक बघायचे. नाचायचं ते मागच्यांनी, ज्यांना मान नाही त्यांनी. मान म्हणजे तरी काय हो, पुढं बसून अवघडायचं!

हैबतीची बायको सगुणा, आणि एकुलती एक लेक येसू. येसू तीन वर्षांची असताना तापानं फणफणली. ताप उतरला तो पायातलं बळ घेऊनच. पुढं आठ-नऊ वर्षं पोर घरभर सरकत फिरली. वैद्य झाले, अंगारे-धुपारे झाले, गुण कशाचाच आला नाही.

आता इथली एक गोष्ट तुम्हाला ठाऊक हवी. जत्रेचा संबळ वाजत असताना बैठकीत जो शब्द बोलला जाईल, तो देवी नवस म्हणून ऐकते आणि खरा करते, अशी गावाची श्रद्धा. म्हणून संबळ चालू असताना इथं कुणी उगाच बडबडत नाही. एका पुनवेला सगुणानं धीर केला. संबळ भरात आलेला, तेव्हा ती म्हणाली, "टेकाई, माझी येसू उठू दे. ती तुझ्या संबळावर नाचंल."

आणि येसू उठली म्हणे. पावसाळ्यात उंबऱ्याला धरून उभी राहिली, दिवाळीत अंगणात चालली, आणि सुगीला तर खळ्यावर एकटीच गिरक्या घ्यायला लागली. खळ्यावरच्या बाया हातातलं काम टाकून बघत राहायच्या. पोर सगळ्यांना एकच सांगायची, "पुनव येऊ द्या, मग बघा."

पुनव आली. त्या सकाळी हैबती बायकोला म्हणाला, "देवीला लुगडं नेसवू, नारळाचं तोरण बांधू. पर मानकऱ्याची लेक चारचौघांत नाचायची न्हाई. जाजमाची काय अब्रू ऱ्हाईल?"

"मी नवस बोललेय, धनी."

"तू बोललीस. मला इचारलं हुतंस?"

यावर सगुणा गप्प बसली. अशा वेळी गप्प बसणाऱ्या बाईला आपल्याकडं शहाणी म्हणतात.

बैठक भरली. नवं परकर-पोलकं घालून येसू जाजमावर आईबापाच्या मधे बसली. दौला गोंधळ्यानं संबळावर टिपरू टाकलं. मागची माणसं उठून नाचायला लागली. येसूनं आईचा पदर ओढला. आईनं नवऱ्याकडं बघितलं. येसूनं पुन्हा ओढला. मग तिनं आईची वाट बघणं सोडलं आणि एक गुडघा उचलला, तोच बापाचा हात त्या गुडघ्यावर पडला. हैबती म्हणाला, "बस खाली. उठायचं न्हाई."

संबळ चालू होता.

नवस म्हणजे हात जोडून मागायचा, असं हैबती समजत होता. घरात हुकूम सोडायची त्याला जन्माची सवय. तो हुकूमही देवीच्या कानावर जाईल, हे त्याच्या ध्यानीमनी नव्हतं. देवीला मागणं काय आणि दटावणं काय! शब्द पडला, तिनं झेलला. माझा त्याच्यावर राग आहेच. पण त्याहून जास्त सगुणावर आहे, खरं सांगते. संबळ त्यानंतरही बराच वेळ वाजत होता. 'ऊठ' एवढाच शब्द तिनं बोलायचा होता. नवरा शेजारी बसला होता, म्हणून तिनं तो गिळला.

संबळ थांबला. लोक उठले, धूळ झटकून घराकडं निघाले. येसू मांडी घालून होती तशीच बसलेली. पाय तिच्याच अंगाखाली होते, पण आता ते तिचं ऐकत नव्हते. हैबतीनं तिला खांद्यावर घालून घरी नेलं. वाटेत ती रडली नाही, असं सांगतात.

पुढची जत्रा येईपर्यंत सगुणानं दिवस कसे काढले असतील, तिचं तिला ठाऊक. हैबतीही मऊ पडला होता. "काय बोलायचं ते बोल," असं त्यानंच बायकोला सांगितलं म्हणे. बैल गेला आणि झोपा केला! त्यानं स्वतः का नाही बोलायचं? तर आपल्या तोंडचा शब्द आता कसा फळेल, याची त्याला भीती बसली होती.

येसूला जाजमावर आणून बसवलं. टिपरू पडलं. सगुणानं हात जोडले, तोंड उघडलं, आणि येसूनं पटकन तिच्या तोंडावर हात ठेवला. सगुणा डोकं हलवत होती, पोरीची बोटं सोडवायला बघत होती. पोरीनं हात काढला नाही. तिच्या पायांतलं सगळं बळ त्या हातात आलं होतं म्हणे. ते बघून मागं नाचणाऱ्यांचेही पाय थांबले आणि एकेक जण खाली बसला.

संबळ थांबल्यावरच येसूनं हात काढला. सगुणा ओरडली, "का गं बाई? उठली असतीस की!"

येसू म्हणाली, "उठून काय करू? तुम्ही पुन्यांदा बसवणार. मी पदर ओढत हुते तवा तू गप्प हुतीस ना आई, आता बी गप्पच ऱ्हा."

येसू पुढं पुष्कळ जगली. दर जत्रेला तिला जाजमावर आणून बसवायचे. आई होती तोवर तिच्या तोंडावर ती हात ठेवायची, अगदी न चुकता. तिचं बघून गावातल्या बाकीच्या लेकीही ठेवायला लागल्या.

आजही ठेवतात. देवळाचे पंच पाहुण्यांना सांगतात की देवीपुढं मौन पाळायची ही आमची शिस्त. पुढचे-मागचे सगळेच आता बसून ऐकतात; विचारलं तर म्हणतात, येसूला नाचता आलं नाही, त्याचं दुःख पाळतो. दुःख कसलं, कुणाच्या लेकीला नाचू द्यायचा प्रश्नच उरला नाही, सोय झाली सगळ्यांची. ताई, तुम्ही विचारलंत म्हणून एवढं बोलले. आयांची तोंडं लेकींनी धरली, ठीकच केलं. पण बापाच्या तोंडावर हात ठेवायची रीत या गावात अजून कुणी पाडलेली नाही.