नोंदवहीतलं एकच नाव

पुण्यातल्या एका सायबर सुरक्षा कंपनीचे संचालक रणदिवे यांना आपल्या बंदोबस्ताचा भारी अभिमान. केनियाची अचिएंग त्यांच्याकडे तीन वर्षं काम करत होती, पण तिने पथकाचं प्रमुखपद मागितलं की ते म्हणत, "आफ्रिकन चेहरा पाहून क्लायंट बिचकतात हो."

शेवटी तिने पैज लावली. संध्याकाळच्या आत साहेबांचा लॅपटॉप कंपनीबाहेर गेला, तर पद तिचं. साहेबांनी हसत मान्य केलं.

त्या दिवशी ती सात वेळा फाटकातून आतबाहेर झाली. तिला रोज बघणाऱ्या वॉचमनने सातही वेळा तिची बॅग उपसली आणि नोंदवहीत सही घेतली. साहेब खिडकीतून बघून खूश होते.

पाच वाजता त्यांचं टेबल रिकामं होतं. साहेब गोंधळले. वॉचमन त्याहून गोंधळला. "मॅडमच्या बॅगेत तर डबा आणि छत्रीच होती, साहेब."

"मग लॅपटॉप नेला कोणी?"

"मी," तिची सहकारी मृदुला देवधर म्हणाली. "हातात धरून, यांच्या समोरून. यांनी मला नमस्कारही केला."

"अहो, पण दिवसभर तपासणी चालू होती ना?"

अचिएंगने नोंदवही उघडून पुढे ठेवली. पानभर एकच नाव होतं, तिचं.

"होती ना, साहेब. माझी. चोराने फक्त माझ्यासारखं दिसायचं नाही, की झालं."

दुसऱ्या दिवशी नव्या प्रमुखांच्या हुकमाने फाटकावर पहिली बॅग उघडली गेली, ती रणदिव्यांची.