कोरफड माहेरी गेली

निरोप आला तेव्हा येसू नेहमीसारखी वाफ्यातलं तण काढत होती. राजवाड्यावरचा भालदार धापा टाकत आला आणि ओरडला, "उठा, उठा! सोनटक्क्याचं आणि कोरफडीचं लग्न ठरलंय!"

येसूचे सासरे हणमंता हे राजे सुभानरावांच्या बागेचे माळी. त्यांच्या हातातली झारी तिथंच कलंडली.

"कुणाचं म्हणालास?"

"सोनटक्क्याचं! मुलगा थोरल्या राणीसाहेबांचा, मुलगी धाकट्या राणीसाहेबांची. मुहूर्त परवाचा!"

भानगड अशी होती. थोरल्या राणीसाहेबांना सोनटक्का प्रिय. त्याच्या पांढऱ्या फुलांचा घमघमाट सुटला, की त्या जेवण विसरत. धाकट्यांचा जीव कोरफडीवर. केसाला कोरफड, भाजल्याला कोरफड, खोकल्यालाही कोरफड! चांगलं झाड कुठलं, यावरून दोघी उठता-बसता भांडत. शेवटी महाराजांनी वैतागून तोड काढली. दोन्ही झाडं नात्यात आली, की भांडण मिटेल!

लग्न थाटात लागलं. सोनटक्क्याला मुंडावळ्या बांधल्या. कोरफडीला शालू नेसवला, तो काट्यांना अडकून फाटला. प्रधानजी मुलीचे मामा म्हणून मागे उभे राहिले. भांडण मात्र मिटलं नाही. आधी दोघी नुसत्या सवती होत्या, आता विहिणीही झाल्या!

"मुलीच्या अंगाला काटे आहेत, हे आधी कुणी बोललं नाही!" थोरल्या कडाडल्या.

"आणि तुमचा मुलगा दिवसभर चिखलात पाय घालून बसतो, ते बोलला होतात?"

महाराजांनी दोघींवर आवाज चढवून हुकूम सोडला, "नवरा-बायको एकाच वाफ्यात राहतील! एकच ऊन, एकच पाणी! दोघांतलं एक जरी गेलं, तर माळ्यानं बाग सोडून जायचं!"

हणमंता कपाळाला हात लावून बांधावर बसले. "सोनटक्क्याला सावली हवी, मुळाशी कायम ओल हवी. कोरफडीला ऊन हवं, रेताड माती हवी. पाणी साचलं की ती सडलीच! पाणी घालावं तर सून जाते, न घालावं तर मुलगा जातो!"

हणमंतांची बायको आदल्या वर्षी वारली होती. वाफ्यांचे बांध तिच्या हातचे होते. "ही बाग सोडून मी कुठं जाऊ, येसू?" ते हळूच म्हणाले.

येसू वाफ्यात उतरली. तिनं खुरपं घेतलं, कोरफड मुळासकट उचलली, कुंडीत लावली आणि धाकट्या राणीसाहेबांच्या गच्चीवर उन्हात नेऊन ठेवली.

दुसऱ्या दिवशी महाराज बागेत आले. "नवरी कुठं आहे?"

"माहेरी गेली, महाराज," येसू म्हणाली. "आषाढ लागला ना! नव्या नवरीनं आषाढात सासरी राहायचं नसतं."

"खरं आहे," मागून प्रधानजी पुटपुटले. "आमचीही सून कालच गेली."

महाराज मान हलवत परतले. श्रावणात पुन्हा आले.

"अजून आली नाही?"

"पहिली मंगळागौर, महाराज. ती माहेरी नको का?"

भाद्रपदात महाराजांच्या कपाळाला आठ्या पडल्या. येसू म्हणाली, "प्रत्यक्ष गौरीसुद्धा माहेरी येतात. मग कोरफडीनंच काय घोडं मारलंय?"

दिवाळीत तर ती उलट तक्रारच घेऊन बसली. "पहिला दिवाळसण, महाराज! जावईबापूंना तिकडचं बोलावणं आहे, पण ते चिखल सोडून हलत नाहीत. मानपानात काही कमी पडलं असेल!"

कार्तिकात महाराजांचा तोल सुटला. "हे लग्न आहे की आमची चेष्टा? उद्या सून दरबारात हजर झाली पाहिजे, आणि तिथून थेट सासरी! नाहीतर तुम्ही सासरा-सून बागेबाहेर!"

हणमंतांनी रात्रीच गाठोडं बांधलं. सकाळी येसू कुंडी कडेवर घेऊन दरबारात उभी राहिली. कोरफड चांगली गुटगुटीत झाली होती आणि तिच्या भोवती बोटाबोटाएवढी पिल्लं दाटीनं उगवली होती.

"पहिलं बाळंतपण माहेरीच होतं, महाराज!"

दरबारी माना उंचावून कुंडीत डोकावले.

"बाई गं, माझी नातवंडं!" धाकट्या राणीसाहेब पुढे झाल्या.

"तुमची? घराणं आमचं आहे!" थोरल्या राणीसाहेब त्यांच्याही पुढे झाल्या.

"शांत बसा!" महाराज गरजले. "बाळंतपण झालं ना? आता नांदायला पाठवा! नवरा एकीकडे, बायको दुसरीकडे, हा काय संसार झाला?"

येसूनं पदर सारखा केला. "महाराज, रागावू नका. थोरल्या राणीसाहेब तळ्याकाठच्या महालात राहतात. धाकट्यांना ओल सोसत नाही, म्हणून त्या वर गच्चीच्या महालात राहतात. आपला संसार मोडला का?"

"ते वेगळं!"

"मग असं करा. आजपासून दोन्ही राणीसाहेबांना एकाच महालात ठेवा. खिडकी एक, पाण्याचा रांजण एक! महिनाभर त्या तिथं नांदल्या, की मी या दोघांना एका वाफ्यात लावते!"

महाराजांनी आधी थोरल्या राणीसाहेबांकडे पाहिलं, मग धाकट्यांकडे. राजवाड्यात आल्यापासून पहिल्यांदाच दोघी एका सुरात बोलल्या, "मुळीच नाही!"

महाराज आधी खोकले. मग त्यांना जे हसू फुटलं, ते आवरेना. मंदिल डोक्यावरून घसरून प्रधानजींच्या मांडीत पडला. "नको गं बाई! महिना कसला? आम्हीच संध्याकाळपर्यंत राज्य सोडून जाऊ!"

सोनटक्का पाटाच्या कडेला सावलीत राहिला, कोरफड गच्चीवर उन्हात. बाग हणमंतांकडे कायमची सोपवली गेली. येसूला हिरवंगार लुगडं आणि सोन्याच्या पाटल्या मिळाल्या. पिल्लांच्या बारशाचा मुहूर्तही त्याच दिवशी काढला होता, पण नावं कुठल्या आजीनं ठेवायची हे ठरेना. ते बारसं अजून राहिलंच आहे.