टिटवी आणि झऱ्याचे तोंड

एका जंगलात, जिथे झाडे संपून माळ सुरू होई त्या कडेला, एक टिटवी राहत असे. तिचे घरटे म्हणजे काय, तर उघड्या जमिनीवर खड्यांची गोल रांग आणि मधे अंडी. ना काडीचा आडोसा, ना पानाचा. त्यामुळे सतत पहारा देण्याची तिला सवय लागली होती. कुठे काही हलले की ती भर्रकन उडे आणि घसा ताणून ओरडे. मग हरणे चरता चरता माना वर करत, ससे झुडपात शिरत, आणि ती ज्या बाजूला घिरट्या घालत असे त्या बाजूला सारे जंगल बघू लागे. जंगलात कुठे काय चालले आहे, हे कळायला दुसरी सोय नव्हती. मोरही ओरडत, पण ते बहुतेक वेळा स्वतःबद्दलच.

मुलांनो, त्या जंगलाला राजा नव्हता. पळस फुलला की सगळे प्राणी माळावर जमत आणि वर्षभरासाठी आपला मुखिया निवडत. त्या साली मुखिया होता एक म्हातारा गवा. मनाने फार चांगला. ज्या गोष्टीबद्दल सगळे बोलत, ती गोष्ट तो सभेत आधी घेई. ज्याबद्दल कुणी बोलतच नाही, ते कुणाचे दुखणे नसणार, असे त्याला वाटे.

जंगलाला पाणी होते ते एका डोहाचे, आणि डोहात पाणी येई वरच्या झऱ्यातून. झऱ्याच्या तोंडाशी लव्हाळ्याचे दाट बेट होते. त्याच्या मुळांनी काठची माती धरून ठेवली होती. म्हणून फार जुना नियम होता, की झऱ्याच्या तोंडाशी कुणी उकरायचे नाही. पण लव्हाळ्याच्या मुळांना गोड गाठी असतात, आणि रानडुकरांचा त्यांच्यावर फार जीव. डुकरे होती थोडीच, पण सभेला त्यांच्यातले एकही चुकत नसे. हरणे पुष्कळ होती, पण सभेच्या वेळी त्यांना नेमके चरायला जायचे असे.

एके दिवशी डुकरांचा म्होरक्या टिटवीच्या घरट्याशी येऊन उभा राहिला. गेल्या साली तिची अंडी याच कळपाच्या खुरांखाली फुटली होती. ती एक पंख जमिनीवर फरफटवत, लंगडत लंगडत दूर जाऊ लागली. म्होरक्याने आपल्या मागे यावे आणि अंड्यांना विसरावे, एवढीच तिची धडपड.

म्होरक्या हसला. "ऊठ ग बाई, पुरे झालं लंगडणं! अंडी खायला नाही आलो."

"मग कशाला आलात?"

"आमचा कळप या वाटेनं जातो. कुणाचा खूर कुठे पडेल, सांगता येत नाही. पोरांना बजावून ठेवलंय, आजपासून टिटवीताईच्या घरट्याला वळसा घालून जायचं."

"आणि बदल्यात मी काय करायचं?"

"बदल्यात? काही नाही. शेजारधर्म आहे तो." तो निघाला, आणि जाता जाता थांबून म्हणाला, "डोंगरापलीकडे बिबट्याचे ठसे दिसलेत म्हणे. तुझ्या कानावर घालून ठेवलं, एवढंच."

त्या दिवशी टिटवी कितीतरी काळाने मान पिसांत खुपसून स्वस्थ झोपली.

सकाळी ती डोंगराकडे गेली. ठसे खरेच होते. जुने होते, वाळून कडा ढासळल्या होत्या, पण होते. ती ओरडली. आणि काय सांगू, सगळे जंगल गोळा झाले! ससे विचारू लागले, "ताई, केवढे होते हो ठसे?" हरिणी पाडसांना पोटाशी घेऊन ऐकू लागल्या. एवढे कान तिच्याकडे कधीच लागले नव्हते. तिला ते आवडले. मग ती रोजच डोंगराकडे जाऊ लागली. ती खोटे बोलत नव्हती. ठसा दिसला तर ठसा म्हणे, झुडूप हलले तर झुडूप हलले म्हणे. इकडे घरट्याभोवती डुकरांच्या खुरांची वाट गोल वळसा घेऊन जाऊ लागली.

काही दिवसांनी डोहातले म्हातारे कासव धापा टाकत माळावर आले.

"पोरी," ते म्हणाले, "डुकरांनी मुखियाकडे मागणं घातलंय. झऱ्याचा नियम काढून टाका म्हणतात. परवा सभा आहे. तू एकदा झऱ्यावर येऊन ओरड ग. तू ओरडलीस तरच हरणं सभेला यायची, नाहीतर चरत बसतील."

"तुम्हीच सांगा ना त्यांना, आजोबा."

"मी? अग, मी सांगायला पोचेपर्यंत गोष्ट शिळी होते."

टिटवीला हसू आले. मग तिने अंड्यांकडे पाहिले. अंड्यांपासून हातभर अंतरावरून वळलेल्या त्या खुरांच्या वाटेकडे पाहिले.

"उद्या येते," ती म्हणाली.

"नक्की?"

"नक्की, आजोबा."

कासव मागे वळले. त्याला वळायलाही बराच वेळ लागला. तेवढ्या वेळात टिटवीला उठून त्याच्याबरोबर जाता आले असते. ती उठली नाही. आणि दुसऱ्या दिवशीही ती गेली ती डोंगराकडेच.

सभेला बरेच प्राणी आले, पण आले ते बिबट्याचे ऐकायला. गव्याने विचारले, "झऱ्याचा नियम काढून टाकायचा म्हणतात. कुणाला काही बोलायचं आहे?"

"ते राहू द्या हो मुखिया," एक ससा म्हणाला, "आधी बिबट्याचं काय ते सांगा!"

"हो, हो, बिबट्याचं काय?" सगळीकडून आवाज उठला. कासव मधे काहीतरी सांगत होते. ते कुणाला ऐकू गेले नाही.

डुकरांचा म्होरक्या शांतपणे पुढे आला. "बिबट्याला आम्ही बघून घेऊ. सुळे आहेत आम्हाला. पण उपाशीपोटी राखण होत नाही. झऱ्यावरच्या चार गाठी खाल्ल्या तर कुणाचं काय जाणार आहे?"

सगळ्यांना ते पटले. गवा मात्र थोडा घुटमळला. दगडावर बसलेल्या टिटवीकडे वळून त्याने विचारले, "टिटवीताई, तू सगळीकडे फिरतेस. झऱ्याला काही धोका आहे का?"

म्होरक्याने तिच्याकडे पाहिलेसुद्धा नाही. त्याची गरजच नव्हती.

"मी... मी बऱ्याच दिवसांत तिकडे गेले नाही," टिटवी म्हणाली.

हेही खोटे नव्हते. गव्याने मान डोलावली आणि नियम रद्द झाला.

डुकरांनी लव्हाळे मुळापासून उलथून टाकले. बिबट्याची राखण कुणी केली नाही, आणि बिबट्याही कधी आला नाही. मोकळी झालेली माती घसरली आणि झऱ्याचे तोंड बुजले. गाठी संपल्या तशी डुकरे दूर नदीकडे निघून गेली. मागे डोह आटत चालला.

आता ऐका, टिटवी आपली अंडी कशी जपते ते. भर उन्हात जमीन तव्यासारखी तापली की ती पाण्यावर जाते, पोटाची पिसे भिजवते आणि ओल्या पोटाने अंड्यांवर येऊन बसते. त्या गारव्यावर आतली पिल्ले तग धरतात. डोह आटला तेव्हा टिटवी नदीवर जाऊ लागली. पण नदी लांब. परत येईपर्यंत पिसे वाळून जात. ती पुन्हा जाई, आणि पुन्हा कोरडीच येई. एका दुपारी ती अंड्यांवर बसली आणि तिला कळले, की आतली हालचाल थांबली आहे. एकाही अंड्याला खुराचा धक्का लागला नव्हता.

मग ती झऱ्यावर गेली आणि ओरडली. जन्मात ओरडली नव्हती अशी ओरडली. "झरा बुजलाय! या, माती काढा, अजून आत पाणी आहे!"

खाली हरणांनी माना वर केल्या आणि सवयीने सगळ्यांनी डोंगराकडे पाहिले. "बिबट्या आला!" ससा किंचाळला. हरिणींनी पाडसांना पुढे घातले, आणि सारा कळप डोंगराकडे पाठ करून जीव घेऊन पळत सुटला. गवासुद्धा शिंगे रोखून डोंगराकडेच तोंड करून उभा राहिला. झऱ्याकडे कुणी पाहिलेच नाही.

टिटवी खाली डोहावर आली, तेव्हा तळाशी चिखलात रुतलेल्या कासवाने तेवढी मान वर केली.

"आलीस का, पोरी," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. टिटवीला तेच सोसवेना.

"मी खरं तेच ओरडतेय ना, आजोबा? मग ऐकत का नाहीत?"

"ऐकतात ग. पण कुठे बघायचं, ते तूच त्यांना शिकवून ठेवलंस."

टिटवी चिखलात उतरली आणि पंख पसरून तिने म्हाताऱ्याच्या तापलेल्या पाठीवर सावली धरली. आता तिला करता येण्यासारखे तेवढेच उरले होते.

तात्पर्य : जे सांगायलाच हवे ते आपल्या सुखासाठी दडवून ठेवले, तर एकही खोटा शब्द न बोलता सगळ्यांचे नुकसान होते, आणि त्या सगळ्यांत आपणही असतो.